धुरीच्या हंगामातला आरसा

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरात आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. यात दोष सांगणाऱ्यांचा नाही, कामाचाच आहे. पाहुणे आले की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मोठ्या कौतुकानं सांगतात, "आमची थोरली सून कंपनीत पुसायला जाती." पाहुण्यांचा चेहरा पडतो. बी.एस्सी. झालेली चष्मेवाली बाई पुसायला जाते म्हटल्यावर त्यांना आमच्या घराची काळजी वाटू लागते. मग नवरा सावरायला जातो. तो सैन्यात होता, त्यामुळे सगळं थोडक्यात सांगायची त्याला सवय. "रॉकेटचं सामान पुसती," एवढंच म्हणतो. त्यानं पाहुणे जास्तच गोंधळतात आणि चहाकडे वळतात.

खरं तर आत्याच बरोबर आहेत. तासगावच्या पुढं द्राक्षबागांच्या मधोमध आमची कंपनी आहे. बाहेरून बघणाऱ्याला कोल्ड स्टोरेज वाटेल असा पत्र्याचा मोठा सांगाडा. आत उपग्रहात बसणाऱ्या छोट्या यंत्रांची परीक्षा होते. यंत्र एका जाड पोलादी टाकीत ठेवायचं, टाकीतली हवा काढून घ्यायची, आणि वर गेल्यावर ते जसं भाजेल, गोठेल, तसं इथंच भाजायचं आणि गोठवायचं. त्या टाकीला आम्ही चेंबर म्हणतो. चेंबरच्या भोवतीची खोली स्वच्छ राखायची जबाबदारी माझी. स्वच्छ म्हणजे आपल्या दिवाळीतल्या स्वच्छतेसारखी नव्हे. तिथं जाताना पावडर नाही, काजळ नाही, डोक्याला तेल नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, हातात मोजे. माणसाचे फक्त डोळे दिसतात, आणि माझ्या वयाच्या बाईला हे फार सोयीचं पडतं. वर गेलेल्या यंत्रावर फडकं मारायला कुणी जात नाही, म्हणून धुळीचा कण आणि तेलाचा डाग इथंच काढायचा. थोडक्यात, पुसते.

या कामासाठी मी जन्मापासून तयार होते असं म्हणायला हरकत नाही. माझं माहेर फलटणकडचं. तिथं साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीची काजळी उतरायची. आकाशाकडं संशयानं बघायचं वळण मला तेव्हापासून लागलं. म्हणूनच आमच्या मालकांनी, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, कंपनीसाठी ही जागा दाखवली तेव्हा मी मोठ्या जाणकारीनं मान डोलावली. ऊस नाही, कारखाना नाही, हमरस्ता लांब. साहेब आष्ट्याचे. ते छाती भरून म्हणाले, "काय हवा आहे बघा!" मीही छाती भरून घेतली. कामाला लागलेली पोरंही आसपासच्या गावांतलीच. या हवेत द्राक्षाच्या हंगामाच्या शेवटी काय मिसळतं हे त्यांना लहानपणापासून आणि मला लग्नापासून माहीत होतं, आणि इतकं माहीत होतं की एकालाही आठवलं नाही.

ते आठवायला नागपूरची एक मुलगी यावी लागली.

ती आली तिचा कॅमेरा घेऊन. पुण्यात एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिनं आणि तिच्या दोन मित्रांनी तो उभा केला होता. कॉलेजात सुरू केलेलं काम नोकऱ्या नाकारून पुढं नेलं होतं. कॅमेऱ्याचा जीव म्हणजे ताटलीएवढा एक आरसा, चांदीचा मुलामा दिलेला. चांदीवर संरक्षणाचा एक पातळ थर होता, पण कडेला जिथं तो थर संपत होता तिथं चांदी उघडीच म्हणायची. उपग्रह दुसऱ्या कुणाचा होता. त्यात या पोरांना एक जागा मिळाली होती, आणि कॅमेरा वेळेत पोचला नाही तर उपग्रह थांबणार नव्हता. त्याचा तोल राखायला कॅमेऱ्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवून तो निघून जाणार होता. ठोकळा तयार होऊन उड्डाणाच्या जागी पोचलाही होता. मुलीनं फोनवर मला त्याचा फोटो दाखवला.

"मॅडम, हा माझा प्रतिस्पर्धी," ती म्हणाली. "याला ना थंडी वाजते, ना याच्यावर डाग पडतो."

तेव्हा आम्ही दोघी हसलो. कॅमेरा चेंबरमध्ये गेला, दार बंद झालं, पंप सुरू झाले. चाचणी बरेच दिवस चालते आणि मध्येच थांबवता येत नाही. त्या दिवसांत ती मला मॅडमवरून काकूंवर आणून मोकळी झाली.

आणि मग अवकाळी पाऊस झाला.

आमच्या भागात त्या दिवसांत पाऊस म्हणजे काय हे सांगायला हवं. बागेतली द्राक्षं तोडून, द्रावणात बुडवून, शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेली असतात. वाळून त्यांचा बेदाणा होतो. वरून पत्रा असला तरी पाऊस बाजूनं येतो, आणि ओल लागलेला बेदाणा सोनेरी राहत नाही, तांबडा-काळा पडतो. त्याच्यावर उपाय एकच, तोही लवकर करायचा. जाळ्यांच्या सगळ्या थप्पीला प्लॅस्टिकनं गच्च झाकायचं, खाली पत्र्याच्या डब्यांत गंधक पेटवायचं आणि धूर आत कोंडून ठेवायचा. त्याला धुरी देणं म्हणतात. धुरीनं माल उजळतो, बुरशी धरत नाही. पाऊस पडून गेला की आमच्या शिवारात जिकडं तिकडं धुरी.

पाऊस पडून गेल्यावर मुलगी सकाळी गाडीतून उतरली आणि दारातच थांबली.

"काकू, हा फटाक्यांचा वास कुठून येतोय?"

"कसला फटाका? कुठंतरी वरात असेल," मी म्हटलं आणि झगा घालायला गेले.

आत टेबलावर चांदी चढवलेली एक काच ठेवलेली असते. नखाएवढी. तिला आम्ही साक्षीदार म्हणतो. यंत्राला उगीच हात लावता येत नाही. पण त्याच्यावर जे बसतं ते शेजारच्या साक्षीदारावरही बसतं, आणि साक्षीदाराला दिव्याखाली उलटंपालटं करून विचारता येतं. चेंबरमधून बाहेर आल्यावर आरसा ज्या टेबलावर उघडा राहणार होता तिथला साक्षीदार मी उचलला. त्याची कड पिवळी झाली होती. चहाच्या कपाला राहते तशी कड.

मी चष्मा पुसला. कड तशीच होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आठवलं की आजही हात आपोआप फडक्याकडं जातो. मी फरशी पुसली, भिंती पुसल्या, टेबलाचे पाय पुसले. चांदी पिवळी पडते ती गंधकानं, आणि रबराच्या मोज्यात गंधक असतं म्हणून मोजे बदलले. पुठ्ठ्याचे खोके बाहेर काढले. पोरांच्या डब्यातली उकडलेली अंडी बंद केली, मग कांदा, मग लसूण. एक जण रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, आता चपाती तरी चालंल का, का तीबी बाहीर बसून खायाची?" मी त्याला बाहेरच बसवलं. नवा साक्षीदार ठेवला. दुसऱ्या दिवशी तोही पिवळा. साहेबांनी हवेचे फिल्टर बदलायला लावले. फिल्टर नवे आले, खोलीतली धूळ मोजून बघितली तर औषधालासुद्धा नाही. साक्षीदार पिवळा.

मुलगी माझ्या मागं मागं असायची. एकदा मी फडकं पिळताना तिनं विचारलं, "काकू, आरसा पिवळा पडला तर परत चांदी चढवता येते, पण त्याला महिने लागतात. म्हणजे नाहीच ना?"

"आरसा आत आहे. आत हवा नाही. आत काही होत नाही," मी म्हटलं.

"आणि बाहेर काढल्यावर?"

मी फडकं पिळत राहिले. त्या फडक्यात पाणी उरलं नव्हतं.

ज्या दुपारी ते कळलं त्या दुपारी आम्ही सगळे आवारात उभे होतो. मुलीनं पुन्हा तोच वास आल्याचं सांगितलं होतं. या वेळी मी तिला वरात सांगितली नाही, सगळ्यांना बाहेर बोलावलं. साहेब, पोरं, वॉचमन, ड्रायव्हर, मी. सगळ्यांनी माना वर करून नाकं फेंदारली. बागेतल्या एखाद्या बाईनं पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं, कंपनीत बेडकांची भरती चालू आहे.

"येतोय का?" मुलीनं विचारलं.

"कशाचा?" साहेब म्हणाले.

"न्हाई बा," वॉचमन म्हणाला.

"मला तर नेहमीसारखीच हवा वाटते," मी म्हटलं, आणि तोंडातून ते वाक्य निघताना माझी नजर खाली माझ्या पायांवर गेली. पायातली जोडवी काळी झाली होती. चांदीची. दरवर्षी या दिवसांत होतात. आमच्याकडच्या सगळ्या बायकांची होतात. हंगाम संपला की आम्ही ती राखेनं घासतो आणि विसरून जातो.

नेहमीसारखीच हवा. पश्चिमेकडून वारा येत होता, आणि पश्चिमेला पहिली शेड होती ती माझ्या दिराची.

फिल्टर धूळ अडवतो. गंधकाचा धूर धूळ नसतो, तो हवेत मिसळलेला असतो आणि फिल्टरमधून पाहुण्यासारखा आत येतो. हे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकले होते. धुरी अडवायला कोळशाचा वेगळा फिल्टर लागतो. साहेबांनी पुण्याला फोन केला. फिल्टर मिळणार होता, पण कॅमेरा नेणारी गाडी निघून गेल्यावर. मग आम्ही सांगलीतून पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा आणवला आणि कापडी पिशव्यांत भरून पाहिला. पिशवी हलवली तशी काळी भुकटी माझ्या पांढऱ्या झग्यावर बसली. आयुष्यभर काजळीशी भांडून शेवटी ती मीच विकत आणली होती. पिशव्या मुकाट्यानं बाहेर गेल्या.

चाचणी दुसऱ्या दिवशी संपत होती. चेंबर उघडायचा, आरसा टेबलावर घ्यायचा, भाजून-गोठून तो जागचा हलला असेल तर बारीक स्क्रूंनी पुन्हा जागेवर आणायचा, मग झाकून, कोरड्या नायट्रोजनच्या पिशवीत सीलबंद करायचा. इतका वेळ तो उघडा राहणार. गाडी त्याच संध्याकाळी निघणार होती. उड्डाणाच्या जागी हे करायला ना यंत्रं होती ना वेळ. उरला एकच उपाय, आणि तो माझ्या घरात राहत होता.

दिवस मावळायच्या आत मी घरी पोचले. दीर ओट्यावर बसून हातावर बेदाणा घेऊन बघत होते. धाकटी जाऊ प्लॅस्टिकची घडी उलगडत होती.

"भावजी, उद्या धुरी लावू नका," मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं.

"का वं वैनी?"

मी सांगितलं. आरसा, चांदी, गाडी, ठोकळा. सांगताना माझा आवाज चढत गेला, मग बसत गेला. धाकटीनं प्लॅस्टिक खाली ठेवलं.

"आवं आक्का, आमची जोडवी इतकी वरसं काळी पडत्यात, तवा न्हाई कुणाला कळवळा आला."

"तू गप गं," आत्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "किती येळ लागतोय तुझ्या आरशाला?"

"दिवसभर."

"दिवसभर? काय करताय त्येला? आमी दोन मिन्टात कुक्कू लावून मोकळ्या हुतो."

कुणी हसलं नाही. दिरांनी हातातला बेदाणा माझ्यापुढं धरला. काही दाणे अजून पिवळे होते, काहींच्या पोटाशी तांबडं उतरायला लागलं होतं.

"ह्ये बगा. उद्या धुरी न्हाई बसली तर परवापतुर ह्यो समदा असा हुतोय. तांबडा माल व्यापारी वासबी न घेता खाली टाकतो. वरीसभर बाग जपली ती ह्याच्यासाठी. तुमीच सांगा काय करू."

त्यांचं बरोबर होतं हे सगळ्यात वाईट होतं. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. मी तिथं ओट्याच्या पायरीवर बसले आणि माझ्या वयाला, माझ्या चष्म्याला आणि घरातल्या थोरल्या सुनेच्या मानाला न शोभेल अशी हमसून रडले. "त्या पोरीच्या जागी ठोकळा जाईल," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत्या घाबरल्या. त्यांना वाटलं ठोकळा म्हणजे कुणी नवरामुलगा.

नवरा इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पलीकडच्या दोन शेडवाल्यास्नी मी सांगतो. त्येंचा माल जास्त भिजला न्हाई. ऐकतील." आणि चप्पल घालून निघालासुद्धा. राहिले दीर.

ते बराच वेळ हातातले दाणे या हातातून त्या हातात करत राहिले.

"दुपारपतुर थांबतो," शेवटी म्हणाले. "पर वैनी, आभाळ आलं तर न्हाई थांबायचा. आधीच सांगून ठिवतो, मागनं बोलायचं न्हाई."

धाकटीनं प्लॅस्टिकची घडी पुन्हा घातली. माझ्याकडं बघितलं नाही. जेवताना तिनं मला भाकरी वाढली, पण ताटाच्या कडेवर.

सकाळी चेंबर उघडला. दार सरकलं तेव्हा मुलीनं श्वास रोखलेला मला झग्यातूनही कळला. आरसा पांढराशुभ्र होता. त्यात आम्हा दोघींचे चार डोळे दिसले, बाकी पांढरं कापड. शेजारी नवा साक्षीदार ठेवला आणि ती कामाला लागली. एका बाजूनं लेझरचा किरण सोडायचा, आरशावरून परत येणारा ठिपका पडद्यावर बघायचा. ठिपका गोल हवा. तो लांबट होता, वडाच्या पानासारखा. आरसा जागचा हलला होता. ती स्क्रू केसाएवढा फिरवायची, थांबायची, बघायची. पुन्हा फिरवायची. माझं काम तिच्या आसपास काही पडू न देणं, आणि दर थोड्या वेळानं साक्षीदाराची कड बघणं. मी कड इतक्या वेळा बघितली की शेवटी मला ती पांढरी असतानाही पिवळी दिसायला लागली.

खोलीच्या एका भिंतीला पाहुण्यांसाठी काच आहे. दुपारी त्या काचेपलीकडं दीर येऊन उभे राहिले. मोटरसायकलवर आले होते. कुणी सांगितलं नसताना चपला बाहेर काढून अनवाणी आले होते. काचेतून आत चार-पाच पांढरे झगे दिसत होते, डोळ्यांशिवाय कुणाचं काही दिसत नव्हतं. आपली वैनी कुठली हे त्यांना कळेना. त्यांनी अंदाज बांधला आणि हात जोडून बघत राहिले ते त्या नागपूरच्या मुलीकडं. 'झालं का?' असं त्यांचे डोळे विचारत होते. मुलीनं वर पाहिलं. हा माणूस कोण, तिला माहीत नव्हतं. तिनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मोज्यातले दोन्ही हात जोडून त्यांना उलट नमस्कार केला.

मी पुढं होऊन हातानं 'थोडं थांबा' असं खुणावलं. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. ठिपका तेव्हा वडाच्या पानाचं पिंपळपान झाला होता, म्हणजे अजून गोल नव्हता.

ते दुसऱ्यांदा उठले तेव्हा काचेवर प्रकाश कमी झाला होता. त्यांनी तळहात वर करून आकाश दाखवलं. मग तोच हात छातीवर ठेवला, जसं आपण एखाद्याला 'माझा इलाज नाही' म्हणतो. आणि गेले. मोटरसायकलचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही, पण मला त्यांची वाट मोजता येत होती. बांधावरून शेडपर्यंत. प्लॅस्टिक ओढायचं, कडांवर माती टाकायची, डब्यांत गंधक, काडी. किती वेळ लागतो हे मला चांगलं ठाऊक होतं. कितीतरी हंगाम मीच मातीची पाटी धरलेली होती.

"किती वेळ आहे?" मुलीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ठिपका आता जवळजवळ गोल होता. जवळजवळ. तिनं एक स्क्रू आणखी फिरवला. ठिपका बरोबर मध्यावर आला, गोल, टिकलीसारखा. पण नियम असा की स्क्रू चिकटवल्यावर पुन्हा एकदा बघायचं, कारण गोंद सुकताना आरशाला किंचित ओढतो. त्या शेवटच्या बघण्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आरसा उघडा राहतो.

"काकू, बघितल्याशिवाय झाकू?"

"झाक."

"हलला असेल तर वर जाऊन आंधळा कॅमेरा बसेल. त्यापेक्षा ठोकळा बरा."

"पोरी, पिवळा पडला तर नक्की आंधळा. हलला तर कदाचित. झाक."

तिचे हात थांबले. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले, आणि ती आरशावर वाकलेली होती. माझ्यातली आई कुठं गेली कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं ते पुसणाऱ्या बाईचं वाक्य. "रडायचं असेल तर मागं सरक. खारं पाणी आहे ते, आरशावर पडायला नको."

ती मागं सरकली. मास्कमध्येच हुंदका जिरवला. मी झाकण बसवलं, पिशवीत घेतलं, एकाला नायट्रोजनची नळी धरायला लावली, आणि सील मारलं. साक्षीदाराची काच पिशवीतच आरशाजवळ ठेवली, तिला उड्डाणाच्या जागी विचारता यावं म्हणून.

बाहेर आलो, मास्क काढला. दिवसभर गाळलेल्या हवेत राहिल्यामुळं असेल, पण लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदा मला तो वास आला. फटाक्यांचा. घशात खवखवणारा. मला खोकला आला, आणि ती मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

गाडी निघाली तेव्हा पश्चिमेला काळं झालं होतं. घरी पोचायच्या आत पाऊस आला, वाऱ्यासकट. आम्ही सगळेच शेडकडं धावलो. प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून उचकटलं होतं, आणि त्यातून पांढरा धूर पावसात निघून जात होता. दीर आणि नवरा कोपरा धरून उभे. मी आणि धाकटी माती टाकत होतो, माती चिखल होऊन वाहत होती. धुरी माल उजळण्याइतकी बसलीच नव्हती. सकाळी लावली असती तर तोवर काम झालं असतं.

अर्ध्याहून जास्त बेदाणा तांबडा झाला.

मुलीचा फोन आला तेव्हा मी शेडकडंच निघाले होते. उड्डाणाच्या जागी पिशवी उघडली होती. साक्षीदार पांढरा निघाला. कॅमेरा उपग्रहात बसला. ठिपका गोल राहिला की नाही हे तिथं बघायचं साधन नव्हतं, ते वर गेल्यावर पहिल्या फोटोतच कळायचं. रॉकेट अजून गेलेलं नाही. "ठोकळा परत पुण्याला चाललाय, काकू," ती म्हणाली. "फ्लॅटचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला लावून ठेवू." मग तिनं विचारलं, "ते काचेजवळ उभे होते ते कोण होते? त्यांचं काय झालं?"

मी म्हटलं, माझे दीर. नंतरचं सांगायचं मनात होतं, पण तेवढ्यात शेड आली.

दीर आणि धाकटी जाळीवरचा माल खाली झटकत होते. तांबडे दाणे ताडपत्रीवर पडत होते.

"बसला का आरसा?" दिरांनी मान न वळवता विचारलं.

"बसला."

"काळा न्हाई न्हवं पडला?"

"नाही."

"वर गेल्यावर पडंल की."

"वर हवाच नसते, भावजी."

ते थांबले. जाळीचं टोक हातात तसंच.

"हवा न्हाई, म्हंजे पाऊसबी न्हाई?"

"पाऊसबी न्हाई."

"मग पुढल्या साली शेड तिकडंच टाकू या."

ते स्वतःशीच हसले. धाकटी हसली नाही. तिनं जाळीचं तिच्याकडचं टोक वर उचललं, मोकळ्या बाजूकडं हनुवटीनं दाखवलं आणि म्हणाली, "धरा ती बाजू, आक्का. लोंबती हाय."

मी चष्मा सारखा केला आणि ती बाजू धरली.